भरलेली बॅटरी आणि निरोगी बॅटरी

बियाण्याचे पोते काठोकाठ भरलेले आहे, एवढेच पाहून कोणताही जाणता शेतकरी पेरणीस निघत नाही. पोत्याच्या वजनावरून बियाणे किती आहे हे कळते. त्यातले उगवेल किती, हे कळत नाही. त्यासाठी १०० दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवावे लागतात आणि आठवड्याने अंकुरलेले दाणे मोजावे लागतात. सोयाबीनचे ७० हून कमी दाणे उगवले तर एकरी बियाणे वाढवावे किंवा ते बियाणेच बाजूस ठेवावे, ही शिकवण आता गावोगाव रुजली आहे. ती रुजविण्यासाठी विस्तार कार्यकर्त्यांच्या कित्येक पिढ्यांनी पायपीट केली. आरंभी पुष्कळांना हा खटाटोप व्यर्थ वाटे. आज तसे कोणी म्हणत नाही. कारण न उगवलेल्या शेताने दिलेला धडा कोणत्याही व्याख्यानाहून प्रभावी ठरला.

हाच प्रश्न आता नव्या रूपाने शेतकऱ्याच्या बांधावर येऊन ठेपला आहे. फवारणीचा ड्रोन गावात आला आहे आणि त्याचा सगळा प्राण बॅटरीत आहे. बॅटरी पूर्ण भरली, चार्जरवरचा हिरवा दिवा लागला, की ती उड्डाणास योग्य झाली, असा समज सर्वत्र दृढ होत चालला आहे. हा समज भरलेल्या पोत्याला उत्तम बियाणे मानण्यासारखाच आहे. भरलेली बॅटरी निराळी आणि निरोगी बॅटरी निराळी. उड्डाणापूर्वी बॅटरीच्या निरोगीपणाची तपासणी करणे हा फवारणीच्या कामाचाच भाग आहे आणि त्या तपासणीत जो निर्णय होईल तो जमीनमालकासह सर्वांवर बंधनकारक मानला गेला पाहिजे. तसे झाले नाही तर उपयुक्त साधनाची नाचक्की होईल आणि तिचा भुर्दंड ज्यांना सोसवत नाही अशांवरच पडेल.

पणाला लागलेली गोष्ट

फवारणीचा ड्रोन ही हौसेची वस्तू नव्हे. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन कित्येक शेतकरी व शेतमजूर दगावले. पुरुषभर उंच वाढलेल्या पऱ्हाटीत, पाठीवर पंप घेऊन, स्वतःच उडविलेल्या तुषारांतून चालणाऱ्या माणसाचे ते मरण होते. माणसाला त्या तुषारांपासून दूर उभे करणारे कोणतेही साधन म्हणूनच स्वागतार्ह होय. १० लिटर टाकीचा ड्रोन एका भरणीत साधारण एक एकर फवारतो आणि चालक शेताबाहेर, वाऱ्याच्या वरच्या अंगास उभा राहू शकतो.

केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये ‘नमो ड्रोन दीदी’ योजना मंजूर केली. महिलांच्या १५,००० स्वयंसहायता गटांना २०२३-२४ ते २०२५-२६ या काळात ड्रोन पुरविणे हे तिचे उद्दिष्ट ठेवण्यात आले. किमतीच्या ८० टक्के, परंतु ८ लाख रुपयांपर्यंत, साहाय्य आणि गटातील एका सदस्येस १५ दिवसांचे प्रशिक्षण अशी तिची रचना होती. या योजनेच्या संचात ड्रोनबरोबरच्या बॅटरीसंचाखेरीज आणखी ४ बॅटरीसंच अंतर्भूत करण्यात आले होते. दिवसाला २० एकरांपर्यंत काम व्हावे, यासाठी ही तरतूद होती. एका यंत्रामागे इतके बॅटरीसंच लागतात, यावरूनच या व्यवसायात यंत्राइतकेच बॅटरीचेही महत्त्व आहे हे ध्यानात यावे.

आता असा एक ड्रोन भर फवारणीत कोसळला, अशी कल्पना करून पाहावी. टाकीतले कीटकनाशक विहिरीत, पाटात किंवा कामकऱ्यांच्या अंगावर पडणार. यंत्र मोडणार आणि ऐन हंगामात दुरुस्तीस जाणार. बँकेचा हप्ता मात्र थांबणार नाही. या सर्वांहून मोठे नुकसान असे की, गावाचा विश्वास उडणार. ‘ते उडते खेळणे आपल्या कामाचे नाही’ असे म्हणून शेतकरी पुन्हा मजुराच्या पाठीवर पंप चढविणार. बॅटरीच्या तपासणीचा विचार करताना हे सर्व डोळ्यांसमोर असावयास हवे.

हौशी विमानबाजांचा धडा

रेडिओवर चालणारी छोटी विमाने उडविणाऱ्यांनी हा धडा फार पूर्वीच गिरविला आहे. अमेरिकेतील वॉल्टर आणि विल्यम गुड या बंधूंनी १९३७ मध्ये ‘गफ’ नावाचे असे विमान उडविले. पुढे हा छंद जगभर पसरला. भारतातही राष्ट्रीय छात्र सेनेच्या हवाई विभागातील विद्यार्थी विमानांच्या प्रतिकृती बनवितात व उडवितात. या मंडळींच्या विमानात पूर्वी निकेल-कॅडमियमच्या चार घटांची, ४.८ व्होल्टची लहानशी बॅटरी असे. ती बंद पडली की विमानाचे कान बंद होत. जमिनीवरून दिलेली कोणतीही आज्ञा त्यास ऐकू जात नसे. महिनोन्‌महिने खपून बनविलेले विमान क्षणात मातीस मिळे.

अनुभवाने त्यांच्या असे ध्यानात आले की, दुबळी बॅटरीही मोकळी असताना पुरेसे व्होल्ट दाखविते. काम पडताच मात्र तिचे व्होल्ट घसरतात. म्हणून त्यांनी निराळा मापक वापरात आणला. त्यात एक रोधक बसविलेला असे. तो बॅटरीवर थोडा भार टाकी आणि त्या भाराखाली तिचे व्होल्ट किती टिकतात हे दाखवी. प्रत्येक उड्डाणापूर्वी हे माप घेण्याचा आणि हंगामाच्या आरंभी बॅटरी पूर्ण भरून व रिती करून तिची खरी क्षमता मोजण्याचा परिपाठ त्यांनी ठेवला. बैल बाजारात कसा उभा राहतो यावरून न पारखता तो नांगराला कसा ओढतो यावरून पारखावा, असे जे शेतकरी म्हणतो, तेच हे तत्त्व होय.

फवारणीच्या ड्रोनची गोष्ट याहून कठीण आहे. पंखांच्या विमानाची मोटर थांबली तरी ते तरंगत खाली उतरू शकते. ड्रोनला तरंगावयास पंख नाहीत. त्याचे फिरते पंखे थांबले की तो दगडासारखा खाली येतो. शिवाय छंदाच्या विमानात विष भरलेले नसते.

बॅटरीच्या अंतरंगात

फवारणीच्या ड्रोनमध्ये बहुधा लिथियम-पॉलिमर जातीची बॅटरी असते. तिचा एक घट पूर्ण भरला असता ४.२ व्होल्ट दाखवितो. त्याचा नाममात्र विद्युतदाब ३.७ व्होल्ट मानतात. असे १२ घट एकापुढे एक जोडले म्हणजे ४४.४ व्होल्टची बॅटरी होते आणि ती पूर्ण भरल्यावर ५०.४ व्होल्ट दाखविते. घट ३ व्होल्टच्या खाली गेला तर त्यास कायमची इजा पोचते. काही बॅटऱ्यांच्या मर्यादा याहून निराळ्या असतात. म्हणून निर्मात्याने बॅटरीवर लिहिलेले आकडेच प्रमाण मानावेत.

बॅटरी म्हातारी होते म्हणजे तिच्या घटांत दोन बदल घडतात. पहिला असा की, तिच्यात साठणारी वीज कमी होते. दुसरा बदल अधिक घातक असून डोळ्यांना दिसत नाही. घटाच्या आतून वीज वाहताना जो अडथळा होतो, म्हणजे ज्यास अंतर्गत रोध म्हणतात, तो वाढत जातो. पाटात गाळ साचला म्हणजे विहीर भरलेली असूनही शेवटच्या वाफ्यापर्यंत पाणी पोचत नाही, तसाच हा प्रकार आहे.

एका हिशोबावरून हे अधिक स्पष्ट होईल. समजा, भरल्या टाकीचा ड्रोन उचलण्यास १०० अँपियर प्रवाह लागतो आणि बॅटरीचा प्रत्येक घट त्या क्षणी ३.८ व्होल्टवर आहे. १२ घटांचे मिळून ४५.६ व्होल्ट झाले. बॅटरी निरोगी असून प्रत्येक घटाचा अंतर्गत रोध १.५ मिलिओहम असेल, तर एकूण रोध १८ मिलिओहम होतो आणि भाराखाली १.८ व्होल्ट खर्ची पडतात. ड्रोनला ४३.८ व्होल्ट मिळतात. हाच रोध वाढून प्रत्येक घटामागे ५ मिलिओहम झाला असेल, तर ६ व्होल्ट बॅटरीतच खर्ची पडतात आणि ड्रोनला केवळ ३९.६ व्होल्ट, म्हणजे घटामागे ३.३ व्होल्ट मिळतात. पहिल्या बॅटरीत १८० वॅट उष्णता निर्माण होते, तर दुसरीत ६०० वॅट. पाणी तापविण्याच्या लहान सळईइतकी ही उष्णता आहे. अशी बॅटरी तापते, तापल्याने आणखी खराब होते आणि खराब झाल्याने आणखी तापते.

ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट ही की, या दोन्ही बॅटऱ्या चार्जरवरून काढल्या त्या वेळी ५०.४ व्होल्टच दाखवीत होत्या. दोहोंवरचा दिवा हिरवाच होता.

एकच घट दुबळा असला तरीही असाच घात होतो. बारांपैकी ११ घट ३.९ व्होल्टवर आणि एक ३.३ व्होल्टवर असला, तर एकूण ४६.२ व्होल्ट भरतात. सरासरी ३.८५ निघते आणि बॅटरी निम्मी भरलेली दिसते. प्रत्यक्षात तो एक घट जवळजवळ रिता झालेला असतो. सहा बैलांच्या नांगराला पाच बैल दमदार असले तरी सहावा गुडघे टेकणार असेल, तर तास पुरे होत नाही.

तपासणी कशी असावी

तपासणीसाठी मोठी प्रयोगशाळा लागत नाही. ड्रोनबरोबर येणारे पुष्कळसे चार्जर प्रत्येक घटाचे व्होल्ट आणि अंतर्गत रोध स्वतःच दाखवितात. प्रश्न फक्त ते आकडे वाचण्याचा व लिहून ठेवण्याचा आहे. कामाचे दोन भाग पाडावेत. काही आदल्या संध्याकाळी व काही सकाळी शेतावर.

आदल्या संध्याकाळी प्रथम बॅटरी हातात घेऊन निरखावी. ती फुगली आहे काय, कोपरा दबला आहे काय, वायरचे आवरण तडकले आहे काय, जोडाची टोके ठिणगीने काळी पडली आहेत काय किंवा औषधाच्या तुषारांनी गंजली आहेत काय, हे पाहावे. बॅटरी फुगणे म्हणजे आतील द्रव्याचे विघटन होऊन वायू साठणे होय. फुगलेली बॅटरी कितीही व्होल्ट दाखवो, ती पुन्हा उडवू नये, दाबून सपाट करू नये आणि तिला टाचणी तर मुळीच लावू नये. त्यानंतर चार्ज पूर्ण झाल्यावर प्रत्येक घटाचे व्होल्ट पाहावेत. निरोगी बॅटरीत ते जवळजवळ समान असतात. सर्वांत वरच्या व सर्वांत खालच्या घटात ०.०५ व्होल्टहून अधिक अंतर पडू लागले तर सावध व्हावे, ०.१ व्होल्टचे अंतर वारंवार आढळले तर ती बॅटरी कामातून काढावी. मग अंतर्गत रोध पाहावा. त्याचा एकटा आकडा फारसे सांगत नाही. नवी असताना तो किती होता, त्याच्याशी ताडून पाहिले म्हणजेच अर्थबोध होतो. तो दुपटीस जाऊ लागला की बॅटरीचे दिवस भरत आले असे समजावे. बॅटरी थंड असता रोध अधिक दिसतो, यास्तव हे माप नेहमी साधारण एकाच तापमानास घ्यावे.

सकाळी शेतावर पुन्हा व्होल्ट पाहावेत. रात्रभरात एखादा घट इतरांहून अधिक उतरला असेल, तर तो आतल्या आत गळतो आहे असे समजावे. जोड घट्ट बसले आहेत, पट्टे आवळले आहेत, याची खात्री करावी. दिवसाच्या पहिल्या उड्डाणाच्या वेळी टाकीत औषधाऐवजी स्वच्छ पाणी भरावे, माणसे-जनावरे दूर सारावीत आणि ड्रोन थोड्या उंचीवर अर्धा मिनिट एका जागी स्थिर ठेवून पडद्यावरचे व्होल्ट पाहावेत. छंदी विमानबाजांच्या मापकाची जी कल्पना, तीच ही. भार पडताच नेहमीपेक्षा अधिक घसरणारी बॅटरी त्याच वेळी खाली उतरवावी. या एका उड्डाणात तोट्यांचीही परीक्षा होऊन जाते. पुढील प्रत्येक उड्डाण साधारण एकचतुर्थांश वीज शिल्लक असतानाच संपवावे. उतरल्यावर बॅटरीला हात लावून पाहावा. एकाच शेतात, एकाच कामासाठी वापरलेल्या बॅटऱ्यांपैकी एखादीच फार तापत असेल, तर तिचे नाव टिपून ठेवावे.

नाव टिपावयाचे म्हणजे तिला नाव हवे. प्रत्येक बॅटरीला क्रमांक द्यावा आणि गटाच्या नोंदवहीत तिचे एक पान करावे. वापराचा आरंभ, उड्डाणांची संख्या, घटांतील अंतर, अंतर्गत रोध, तापल्याची किंवा आपटल्याची नोंद, एवढे रकाने पुरेत. दुभत्या म्हशीच्या दुधाचा हिशोब ज्या गटांना ठेवता येतो, त्यांना बॅटरीचा हिशोब ठेवणे मुळीच अवघड नाही. हंगामाच्या आरंभी चार्जरवर एकदा पूर्ण क्षमता मोजावी. ती मूळ क्षमतेच्या ८० टक्क्यांखाली गेली असेल, तर त्या बॅटरीवर भरली टाकी उचलू नये.

आक्षेप आणि त्यांचे उत्तर

यावर काही आक्षेप घेतले जातात. पहिला असा की, ड्रोन स्वतःच बॅटरीची सूचना देतो, मग माणसाने कशास मोजावे? सूचना मिळते हे खरे. पण ती हवेत मिळते. व्होल्ट ठरावीक मर्यादेखाली गेले म्हणजे यंत्र परत फिरते किंवा असेल तेथे उतरू लागते. खाली उभा ऊस आहे, विजेच्या तारा आहेत की विहीर आहे, याचा विचार ते नेहमीच करू शकत नाही. घरास आग लागल्यावर वाजणारी घंटा उपयोगी खरी. पण तिच्या भरवशावर कोणी चुलीतले निखारे उघडे टाकून झोपत नाही.

दुसरा आक्षेप वेळेचा आहे. फवारणीला योग्य असा सकाळचा शांत वारा थोडाच वेळ असतो. त्यातला वेळ मोजमापात का घालवावा? हा आक्षेप विचार करण्याजोगा आहे. परंतु तपासणीचा मोठा भाग आदल्या संध्याकाळी, चार्जिंगच्या वेळीच होतो. सकाळी प्रत्येक बॅटरीस एक-दोन मिनिटे लागतात. वेळ खरा जातो तो भर फवारणीत बॅटरी दगा देते तेव्हा.

तिसरा आक्षेप पैशाचा. बाजूला काढलेली बॅटरी म्हणजे बुडालेली रक्कम, असे वाटणे स्वाभाविक आहे. याचे कारण असे की, एकरी दर ठरविताना बॅटरीची झीज धरलीच जात नाही. समजा, ४०,००० रुपयांची बॅटरी २०० उड्डाणे चालली, तर प्रत्येक उड्डाणास बॅटरीचेच २०० रुपये पडले. ती नीट सांभाळून ४०० उड्डाणे चालविली, तर १०० रुपये पडले. जो गट हा खर्च दरात धरतो व बाजूस ठेवतो, त्याला जुनी बॅटरी टाकताना जड जात नाही. जो धरीत नाही, तो मोडक्या बॅटरीवर आणखी एक उड्डाण काढण्याच्या मोहात पडतो आणि त्या एका उड्डाणात यंत्रच गमावून बसतो. दर पाडून काम मिळविण्याची चढाओढ म्हणूनच आत्मघातकी आहे आणि दरासाठी घासाघीस करणाऱ्या शेतकऱ्यांनीही हे समजून घेतले पाहिजे.

सांभाळ

बॅटरी उड्डाणात झिजते त्याहून अधिक हयगयीने झिजते. पूर्ण भरून कपाटात ठेवलेली बॅटरी आतल्या आत खराब होत जाते; उन्हाळ्यात तर फारच लवकर. पाऊस लागून काम थांबले किंवा हंगाम संपला की घटामागे सुमारे ३.८ ते ३.८५ व्होल्ट ठेवूनच ती थंड व कोरड्या जागी ठेवावी. विदर्भातील उन्हात बंद गाडीत बॅटऱ्या ठेवणे म्हणजे त्या भट्टीत ठेवणेच होय. उलटपक्षी, निफाडकडील कडाक्याच्या थंडीत पहाटे गारठलेली बॅटरी तशीच उडवू नये. गारठ्याने तिचा अंतर्गत रोध वाढलेला असतो. उड्डाणावरून आलेली गरम बॅटरी निवाल्याखेरीज चार्जरला लावू नये. घाईच्या दिवसांत सर्वांत अधिक मोडला जाणारा नियम हाच आहे.

चार्जिंग नेहमी कोणीतरी जागे व जवळ असताना, फरशीवर, मोकळ्या हवेत करावे. कडबा, डिझेल आणि कीटकनाशके यांपासून ती जागा दूर असावी व जवळ कोरड्या वाळूच्या बादल्या असाव्यात. बॅटरीने पेट घेतलाच तर प्रथम वीजपुरवठा तोडावा आणि माणसे दूर न्यावीत, कारण तिचा धूर विषारी असतो. निकामी बॅटरी उकिरड्यावर किंवा विहिरीत टाकू नये. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी ती परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. विक्रेत्याकडे तसा आग्रह धरावा.

निर्णय कोणाचा?

आता मुख्य प्रश्न उरतो आणि तो यंत्राचा नसून माणसांचा आहे. कृषी विज्ञान केंद्रांतून व प्रशिक्षण संस्थांतून ड्रोनचे तंत्र शिकविले जाते. परंतु तपासणी करून ‘ही बॅटरी आज उडणार नाही’ असे सांगण्याचे बळ प्रशिक्षणाने मिळत नाही. ते गावाने द्यावे लागते.

प्रसंग डोळ्यांपुढे आणावा. बचत गटातील पंचविशीची सून ड्रोन घेऊन मोठ्या बागायतदाराच्या बांधावर उभी आहे. आठ एकर झाले आहेत, दोन राहिले आहेत. उरलेल्या बॅटरीतील एक घट खाली गेलेला तिला दिसतो. मालक म्हणतो, ‘ताई, आता आलाच आहात तर तेवढे दोन एकर उरकून टाका. उद्या पुन्हा कोण बोलावणार?’ भोवती चार माणसे उभी आहेत. त्यांत तिचे दीर-सासरेही आहेत. अशा वेळी तिने बॅटरी पेटीत ठेवली, तर ती काम टाळते असे म्हटले जाईल. तिने उडविली आणि ड्रोन पडला, तर ‘बाईच्या हाती यंत्र दिले की असेच व्हायचे’ असे म्हणावयास हीच माणसे पुढे होतील. दोन्ही बाजूंनी दोष तिच्याच पदरी पडेल.

गावपातळीवरील कार्यकर्त्याचे खरे काम येथेच आहे. फवारणीचे काम ठरवितानाच त्याने शेतकऱ्यास स्पष्ट सांगावे की, बॅटरी, वारा किंवा यंत्र यांपैकी कशाच्याही कारणाने चालकाने काम थांबविले, तर ते थांबेल; राहिलेले क्षेत्र दुसऱ्या दिवशी त्याच दराने पुरे केले जाईल. ही अट गटाच्या पावतीवर छापावी आणि ग्रामसभेत एकदा मोठ्याने वाचून दाखवावी. छापील अट पुढे असली म्हणजे मुलीला एकटीने वाद घालावा लागत नाही. नियम तिच्या वतीने बोलतो. नोंदवहीचाही उपयोग येथे होतो. ‘मला वाटते’ असे म्हणण्याऐवजी पान उघडून ‘क्रमांक ३ च्या बॅटरीचा हा घट गेली पाच उड्डाणे खाली जातो आहे’ असे दाखविता आले म्हणजे शंका घेणाऱ्याचाही आवाज खाली येतो.

शेतकऱ्यांनीही आपल्या बाजूने एवढे करावे की, ड्रोन शेतावर आला असता ‘बॅटरी तपासली का?’ हा प्रश्न स्वतः विचारावा. विष भरलेली टाकी त्यांच्याच पिकावर आणि त्यांच्याच माणसांच्या डोक्यावर उडणार असते. बियाणे घेताना उगवणशक्ती विचारणाऱ्यास कोणी हटवादी म्हणत नाही. हा प्रश्नही तितकाच रास्त आहे. जो चालक त्याचे उत्तर आकड्यांत देईल, त्याला किंवा तिला दोन पैसे अधिक द्यावेत. जो ‘दिवा हिरवा आहे ना’ एवढेच म्हणेल, त्याला टाकी भरू देऊ नये.

गोणपाटात १०० दाणे गुंडाळण्यास पाच मिनिटे लागतात आणि त्या पाच मिनिटांनी हंगाम वाचतो. बॅटरीचे घट मोजण्यासही तेवढाच वेळ लागतो. पहिली सवय गावाने अंगी बाणविली आहे. दुसरी अंगी बाणविण्यास हंगामामागून हंगाम जाऊ देण्याचे काहीच कारण नाही. येत्या फवारणीपूर्वी प्रत्येक गटाने बॅटऱ्यांना क्रमांक घालावेत, नोंदवहीचे पहिले पान लिहावे आणि प्रत्येक कार्यकर्त्याने ते पान एकदा स्वतः उघडून पाहावे.